कोर्लईचा डोंगर आणि आजूबाजूचा मुलूख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोर्लईला येऊ पाहणारे लोक बहुतेक वेळा तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं दोन ओळींची आहेत, काही बरीच लांबली आहेत. लांबलेली घाईत वाचली नाहीत तर बरं.

कोर्लई नेमकं आहे कुठे?

रायगड जिल्ह्यात, मुरुड तालुक्याच्या उत्तर टोकाला. अलिबागहून मुरुडच्या रस्त्याला लागलं की नागाव, चौल, रेवदंडा अशी गावं येतात. रेवदंड्यापुढे कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव, आणि तिथून थोडंसं पुढे कोर्लई. अलिबागपासून सगळं मिळून पंचवीस किलोमीटरच्या आत. कोलाडजवळ लोक राफ्टिंगला जातात ती हीच कुंडलिका. ती इथे समुद्राला मिळते, आणि मुखाच्या दक्षिण अंगाला जो डोंगर सरळ पाण्यात घुसलेला दिसतो तो कोर्लईचा. किल्ला आहे तो याच डोंगरावर. पोर्तुगीज याला ‘मोरो दे चौल’, म्हणजे चौलचा डोंगर म्हणत.

डोंगर केवढा आहे? चढायला किती वेळ लागतो?

उंची शंभर मीटरच्या आसपास. सह्याद्रीतले गडकोट फिरणारे हे ऐकून हसतात. दीपगृहामागच्या पायऱ्यांनी रमतगमत गेलात तरी अर्ध्या तासात वर पोचाल. वेळ लागतो तो वर गेल्यावर. किल्ला उंचीला कमी असला तरी लांबीला भरपूर आहे. दक्षिणोत्तर धारेवर तो पाऊण किलोमीटरहून जास्त पसरलाय, आणि रुंदी मात्र सरासरी तीसेक मीटर. पालथ्या घातलेल्या होडीच्या पाठीवरून चालावं तसं वाटतं: दोन्ही हातांना उतार, दोन्ही उतारांच्या तळाशी पाणी. नीट बघायचा तर वर दोन तास हाताशी ठेवा.

कुठल्या बाजूने चढणं सोयीचं?

दीपगृहाच्या बाजूने. गावातून कोळीवाडा पार करून डोंगराच्या कुशीने एक अरुंद रस्ता दीपगृहापर्यंत जातो. किल्ल्याच्या पायऱ्या त्याच्या मागूनच सुरू होतात. मोठी गाडी असेल तर ती अलीकडे मोकळ्या जागेत लावा आणि चालत या. त्या रस्त्यावर समोरून टेम्पो आला की कुणाला तरी मागे घ्यावंच लागतं, आणि मासळीचा टेम्पो मागे जात नाही. रस्त्यात जाळी वाळत घातलेली असतील तर त्यांवरून गाडी नेऊ नका. हे सांगायला लागू नये, पण लागतं.

वर पाहण्यासारखं काय आहे?

तटबंदी बरीच शाबूत आहे. सर्वांत आधी लक्षात येतात ते एकामागोमाग एक येणारे दरवाजे. अरुंद धार आडव्या भिंती घालून तोडली आहे आणि प्रत्येक भिंतीत एक दरवाजा आहे. शत्रू एका टोकाने आत शिरला तरी पुढचा भाग त्याला पुन्हा नव्याने जिंकावा लागेल, अशी ही रचना. पुण्याकडच्या डोंगरी किल्ल्यांचा गोमुखी दरवाजा, वळणदार वाट हा प्रकार इथे शोधू नका. हा तोफांच्या काळातला, युरोपीय पद्धतीने विचार करून वाढवलेला किल्ला आहे.

माथ्यावर पोर्तुगीजांच्या चर्चचे अवशेष आहेत. छप्पर कधीच गेलंय, भिंती आणि कमान उभी आहे. जवळच पाण्याचं टाकं आणि महादेवाचं छोटं देऊळ, समोर तुळशीवृंदावन. चर्च आणि देऊळ एवढ्या कमी अंतरावर पाहून पहिल्यांदा येणारे थबकतात. त्यात गूढ काही नाही: किल्ला ज्यांच्या ताब्यात आला त्यांनी आपापला देव आणला, आणि नंतर आलेल्यांनी आधीचा पाडायची तसदी घेतली नाही. काही दरवाज्यांजवळ पोर्तुगीज लेख कोरलेले दगड आणि राजचिन्हं आहेत. तोफाही आहेत, पण मुलांना त्यांवर बसवून फोटो काढू नका. लोखंड गंजत चाललंय.

उत्तरेकडे धार उतरत जाते आणि शेवट होतो तो थेट पाण्याजवळच्या बुरुजापाशी. बहुतेक लोक माथ्यावरूनच परत फिरतात. माझं मत विचाराल तर अख्ख्या किल्ल्यातली सर्वांत महत्त्वाची जागा ही खालची आहे. इथे उभं राहिलं की खाडीचं तोंड समोर दिसतं आणि हा डोंगर ताब्यात हवा म्हणून इतकी माणसं का मेली हे पुस्तक न उघडता कळतं.

एवढ्याशा डोंगरासाठी लढाया कशासाठी झाल्या?

डोंगरासाठी कुणी लढलं नाही, चौल बंदरासाठी लढले. आज चौल म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि शांत आळ्या, पण एके काळी हे पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरांपैकी एक होतं. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ते ‘सेमिल्ला’ या नावाने येतं. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्-मसूदी हा अरब प्रवासी इथे, त्याच्या भाषेत ‘सैमूर’ला, येऊन गेला. पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन घोडा विकायला म्हणून चौलला उतरला. अरबस्तानातून घोडे यायचे, इथून कापड जायचं, आणि जकात ज्याच्या हातात तो श्रीमंत.

पोर्तुगीज आले आणि बंदरावर युद्धाचं सावट आलं. १५०८ मध्ये चौलच्या पाण्यात इजिप्तच्या मामलुक आरमाराने त्यांना हरवलं. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. तरी १५२१ च्या सुमारास अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडून परवानगी मिळवून पोर्तुगीजांनी खाडीच्या उत्तर काठावर, म्हणजे आजच्या रेवदंड्यात, कोट बांधायला घेतला. पुढे निजामशाहीशी बिनसलं. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने रेवदंड्याला मोठा वेढा घातला, पण कोट पडला नाही.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. रेवदंड्याचा कोट सपाटीवर, समोरच्या काठावर हा डोंगर. रेवदंड्यात शिरणारं प्रत्येक जहाज डोंगराखालून जाणार. जमिनीवरून कोट पडत नसेल तर समोरच्या डोंगरावर तोफा चढवून त्याची पाण्याची वाटच बंद करायची, असा विचार निजामशाहीने केला आणि १५९४ मध्ये इथे किल्ला उभारला. पोर्तुगीजांना धोका लगेच कळला. त्यांनी त्याच वर्षी चढाई करून डोंगर घेतला आणि पुढची जवळजवळ दीडशे वर्षं सोडला नाही. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी चौलला वेढा घातला तेव्हाही हा मुलूख पोर्तुगीजांनी राखला.

मग १७३९ चा मे महिना उजाडला आणि चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वसई गेल्यावर गोव्याच्या उत्तरेकडच्या पोर्तुगीज ठाण्यांना आधार उरला नव्हता. कोर्लईची मोहीम सुभानराव माणकरांनी चालवली, आणि १७४० च्या तहाने चौल, रेवदंड्यासह हा डोंगर मराठ्यांकडे आला. १८१८ मध्ये इंग्रज आले तोवर बंदर गाळाने आणि मुंबईच्या वाढीने मागे पडलं होतं, त्यामुळे किल्ल्यालाही कुणी विचारत नव्हतं. किल्ला टिकला त्याचं एक कारण हेही असावं.

युनेस्कोच्या यादीत आलेल्या किल्ल्यांमध्ये कोर्लई आहे का?

नाही. २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा ठरले, त्यांत किनाऱ्यालगतचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. कोर्लई त्यात नाही. त्यामुळे इथे गर्दी कमी, आणि फलक, पाणी, कचराकुंडी हेही कमी. पाण्याची बाटली वर नेलीत तर रिकामी खाली आणा.

कोर्लईत पोर्तुगीज बोलतात हे खरं आहे का?

लिस्बनची पोर्तुगीज नाही. गावातला ख्रिस्ती समाज घरात जी भाषा बोलतो ती पोर्तुगीजमधून जन्मलेली, पण इथेच वाढलेली स्वतंत्र भाषा आहे. अभ्यासक तिला कोर्लई क्रिओल पोर्तुगीज म्हणतात. बाहेर ती ‘क्रिस्ती’ म्हणून ओळखली जाते, आणि बोलणारे तिला ‘नो लिंग’, आपली भाषा, एवढंच म्हणतात. बोलणारे हजाराच्या आत आहेत.

ही भाषा टिकली कशी, हा खरा नवलाचा भाग. १७४० नंतर पोर्तुगीज शिपाई, अधिकारी, पाद्री निघून गेले. मागे राहिली ती इथलीच झालेली ख्रिस्ती कुटुंबं, शेती आणि मजुरीवर जगणारी. राज्य गेलं, शाळा मराठी, बाजार मराठी, कचेरी मराठी. अशा वेळी भाषा दोन-तीन पिढ्यांत विरते. इथे ती विरली नाही, कारण एका बाजूला समुद्र, दुसरीकडे खाडी आणि पूल होईपर्यंत रेवदंड्याला जायचं तर होडी. लग्नं आपसात, वस्ती एकत्र. भाषा घरापुरती राहिली आणि म्हणून वाचली.

मात्र शेजारधर्म तिनेही पाळला. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठीसारखी, क्रियापद शेवटी. पोर्तुगालहून आलेल्या माणसाला ओळखीचे शब्द ऐकू येतील आणि तरी वाक्य हातातून निसटेल. मराठी माणसाचं उलटं होतं: शब्द कळत नाहीत, लय मात्र ओळखीची वाटते.

मग ती ऐकायला गावात गेलं तर चालेल का?

गावात जायला कुणाची ना नाही. माउंट कार्मेल मातेचं चर्च बघा, दुकानात चहा घ्या. पण ‘जरा तुमच्या भाषेत बोलून दाखवा’ म्हणत कुणाच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका. दर सुट्टीला कुणी ना कुणी हेच करतं. मराठीत बोला, सगळ्यांना ती तुमच्याइतकीच येते.

दीपगृह आतून पाहता येतं का?

येतं, बहुधा दुपारनंतर, थोडं शुल्क भरून. तिथल्या कर्मचाऱ्यांना आधी विचारा, ते कामात असतील तर आग्रह धरू नका. दीपगृह १९५५ चं आहे आणि आजही चालू आहे. समुद्रात, डोंगरापासून दूर, एका खडकावर आणखी एक खांब दिसेल, तो चौल कडूचा. त्या खडकांनी अनेक जहाजं फोडली, म्हणून तिथे निशाणी उभारली.

यायला चांगला काळ कोणता?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात गवत कमरेपर्यंत असतं आणि त्यात साप असतात, म्हणून पूर्ण बूट हवेत. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आत वर पोचा किंवा चार वाजल्यावर निघा. माथ्यावर सावली जवळपास नाही.

पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो, पण पायऱ्या शेवाळलेल्या आणि तटाला कठडा नाही. वारा असा असतो की छत्रीचा उपयोग शून्य. पाऊस उघडलेला असेल आणि सोबत कुणी असेल तरच चढा, आणि तटाच्या कडेला जाऊ नका.

दिवसातल्या वेळेचं म्हणाल तर दुपारनंतर. सूर्य पश्चिमेला कलतो आणि त्याचा उजेड रेवदंड्याच्या झावळ्यांवर, खाडीवर, साळावच्या कारखान्यावर आणि जेटीवर पडतो. सगळा भूगोल स्वच्छ वाचता येतो. सूर्यास्तासाठी थांबलात तर विजेरी ठेवा. उतरताना पायऱ्या दिसत नाहीत.

भरती-ओहोटीची वेळ कशी काढायची?

मोबाइलवर मिळते. पण किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे, तोही शिकून ठेवा: तिथीची पाऊणपट करायची, भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास पाणी भरतं. थोडं मागेपुढे होतंच.

याचा एक उपयोग लोकांच्या लक्षात येत नाही. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, ते खूप चढतं आणि तितकंच खोल उतरतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल तर ओहोटी ‘आहे’ एवढं पुरत नाही, ती कुठल्या तिथीची आहे हेही बघावं लागतं. कोर्लईच्या उत्तर बुरुजाखालच्या खडकांवर उतरणार असाल तर तेच.

समुद्रात पोहता येईल का?

कोर्लईच्या किनाऱ्यावर पाय भिजवा, तेवढं पुरे. खाडीच्या मुखाजवळ तर अजिबात उतरू नका. ओहोटीला नदी आणि समुद्र दोघंही बाहेर ओढतात. काशीदचा पांढऱ्या वाळूचा किनारा दिसायला निरुपद्रवी आहे, पण तिथे माणसं बुडाली आहेत. गुडघ्यापुढे जाऊ नका आणि जीवरक्षक शिट्टी वाजवेल तेव्हा त्याच्याशी वाद घालू नका.

मुंबई-पुण्याहून कसं यायचं?

मुंबईहून गेटवे–मांडवा लाँच आणि पुढे अलिबाग, ही सर्वांत आनंदाची वाट. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. गाडी न्यायची तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो आहे, २०२० पासून. रस्त्याने पेण, वडखळ, अलिबाग. शनिवारी सकाळी वडखळजवळ किती वेळ जाईल हे वडखळच ठरवतं. अलिबागहून मुरुडला जाणारी एसटी पकडा आणि कोर्लईला उतरा. रेवदंड्यापर्यंत मिनीडोर, म्हणजे मोठ्या शेअर रिक्षाही मिळतात.

पुण्याहून ताम्हिणी, कोलाड, रोहा करून साळावला उतरलात तर अलिबागची गर्दी लागतच नाही.

ज्येष्ठ मंडळी आणि लहान मुलांना जमेल का?

गुडघे बरे असतील तर आजी-आजोबांना हळूहळू जमतं. पायऱ्या उंचसखल आहेत, काठी असू द्या. मुलांना माथ्यावर हाताला धरूनच फिरवा. ज्यांना चढायचं नाही त्यांनी दीपगृहापाशी बसावं. वारा तोच, समुद्र तोच.

एका दिवसात कोर्लई, काशीद आणि जंजिरा होईल का?

होईल, आणि घरी गेल्यावर तिन्हींतलं काहीच आठवणार नाही. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीने जावं लागतं, सुट्टीत रांग मोठी असते, आणि आतला किल्ला घाईत बघण्यासारखा नाही. ती मुरुडची वेगळी फेरी ठेवा. सोबत फणसाड अभयारण्य जोडा. जंजिऱ्याच्या नवाबांचं हे शिकारीचं रान होतं, आता तिथे शेकरू बघायला जातात.

कोर्लईला जोड द्यायची ती रेवदंडा आणि चौलची. तिन्ही मिळून एकच गोष्ट आहे. रेवदंड्यात तुम्ही ज्या रस्त्याने आलात तोच कोटाच्या तटातून जातो, बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. वाड्यांच्या मधोमध सातखणी मनोरा उभा आहे. नाव सातखणी असलं तरी आता सगळे मजले शिल्लक नाहीत. चर्चचे अवशेष वेलींत गुरफटले आहेत. वाड्या खासगी आहेत, आत जाण्याआधी विचारा. निकितिनचं स्मारक शाळेच्या आवारात आहे.

चौलला रामेश्वराचं देऊळ आणि त्याची पुष्करणी बघा. उन्हाळ्याच्या दुपारी तिथल्यासारखी बसायची जागा या पट्ट्यात दुसरी नाही. मंडपात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड झाकलेली आहेत. पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडायची प्रथा. पायांत जोर उरला असेल तर भोवाळ्याची दत्ताची टेकडी चढा, पायऱ्या शेकड्यांनी आहेत. दत्तजयंतीला तिथे मोठी यात्रा भरते, तेव्हा गाडी घेऊन या बाजूला येऊच नका. अलिबागकडे परतताना आक्षीत थांबलात तर शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा शिलालेख दिसेल. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये त्याची गणना होते.

साळावचं बिर्ला मंदिर वाटेवरच आहे. स्वच्छ, पांढरं, नीटनेटकं. अर्धा तास पुरतो.

जेवणाराहण्याचं काय?

राहायला नागाव, रेवदंडा आणि काशीदला वाड्यांमधल्या घरगुती खोल्या मिळतात. जेवण सांगून ठेवावं लागतं, ऐनवेळी कुणी मासे आणायला धावत नाही. ताजी मासळी खायची तर १ जून ते ३१ जुलै सोडून या. त्या काळात मासेमारी बंद असते आणि ताटात येतं ते बर्फातलं. खाडीचा जिताडा मासा मिळाला तर भाव विचारून मगच हो म्हणा. कोळीवाड्यात सुकट, मांदेली, वाकट्या वाळत असतात. वास सहन होत नसेल तर नाक मुकाट्याने धरा, तोंड वाकडं करू नका. ज्यांचं ते घर आहे ते समोरच बसलेले असतात.

जानेवारी-फेब्रुवारीत आलात तर पोपटीची चौकशी करा. वालाच्या शेंगा, बटाटे, हवं तर अंडी किंवा कोंबडी, भांबुर्डीच्या पाल्यासकट मडक्यात भरायची आणि मडकं उपडं करून भोवती जाळ करायचा. हॉटेलात ती चव येत नाही; कुणाच्या शेतावर आमंत्रण मिळालं तर पुढचा बेत रद्द करा. मार्चनंतर रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि म्हणूनच बाहेरचा पांढरा कांदाही त्याच नावाने विकला जातो. अलिबागजवळच्या कार्ले, खंडाळे या गावांकडचा (लोणावळ्याकडचे कार्ला-खंडाळा वेगळे) हवा असेल तर माळच मागा, आणि एक कांदा तिथल्या तिथे फोडून खाऊन बघा. गोडसर लागला, डोळ्यांत पाणी आलं नाही, तर घ्या.